करवतीने कापलेलं इंजिन

ब्रुस्साच्या लेखी मोटार म्हणजे नुसती रेष. तिच्या पोटात इंजिन असतं, ते तापतं, त्याला हवा लागते, हे त्या माणसाला जन्मात कुणी सांगितलंच नसावं.

बारा सिलिंडरांचं हे इंजिन मी स्वतः आखलेलं. त्याच्यापायी तीन वर्षं घासली. मोडेनाहून तुरीनला, ब्रुस्साच्या मोटारींच्या बॉड्या बनवणाऱ्या कारखान्यात, मी आधी त्याचा लाकडी नमुना पाठवला होता. हुबेहूब मापाचा, म्हणजे पत्रा ठोकताना त्यांनी पुरेशी जागा सोडावी. मोटार-प्रदर्शनाच्या आठवड्यात खरं इंजिन नेऊन गाडीत उतरवलं, तर बॉनेट काही लागेना. कार्ब्युरेटर सरळ पत्र्याला भिडले.

"नमुन्यावर बसत होतं ना?" मी विचारलं.

"बसत होतं की!" ब्रुस्साने कोपऱ्यात बोट दाखवलं. नमुन्याचं डोकं करवतीने साफ उडवलेलं होतं.

"हे कुणी कापलं?"

"मी. रेषेच्या मध्ये येत होतं."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. "अहो उस्ताद, आता खरं इंजिनही कापू का?"

"उंच तुम्ही केलंत, इंजिनियरसाहेब. माझ्यावर कशाला डाफरता? घ्या, घोटभर व्हर्मूथ घ्या."

आमचे मालक तावाज्झी तिथेच उभे होते. ते वैतागून म्हणाले, "पुरे! बॉनेटला उंचवटा काढा. नाहीतर जुनं छोटं इंजिन घाला, आणि मग या गाडीत कायम तेच राहील."

ब्रुस्साचा चेहरा पडला. मला मनातून उकळ्या फुटत होत्या. इंजिन पुन्हा बाहेर काढलं, बॉनेट लावलं, त्यावर खडूने गोल आखला आणि पत्रेवाला एविझिओ हातोडी घेऊन आला. मी बाजूला सरकत दारापाशी गेलो. तिथून पहिल्यांदाच सबंध गाडी दिसली. दिव्यांपासून निघालेली रेष मागच्या चाकापर्यंत कुठेही न अडखळता गेली होती. तिच्यावर तो खडूचा गोल गळवासारखा दिसत होता.

"थांबा!"

ओरडलो मीच. स्वतःचा इतका राग मला कधी आला नव्हता.

"जुनंच घाला," मी म्हणालो. मालकांनी दोनदा "नक्की?" विचारलं, मी दोनदा मान डोलावली.

ब्रुस्सा जवळ आला. आता हा आभार मानणार, असं वाटलं. त्याने एक डोळा मिटून बॉनेटकडे पाहिलं.

"जुनं इंजिन बुटकं आहे ना? मग हे अजून दोन बोटं खाली घेता येईल."