केबल आणि आत्याची दुपार

मित्रांनो, मी एक जुना सेट-टॉप बॉक्स आहे. नाव मोठे भारदस्त, पण ज्या घरात माझे आयुष्य गेले तिथे मला सगळे ‘डबा’च म्हणत. ‘डबा चालू कर’, ‘डबा बंद कर’, ‘डब्याला एक फटका मार म्हणजे चित्र येईल’. फटके मी पुष्कळ खाल्ले. त्याचे मला दुःख नाही. दुःख वेगळेच आहे, आणि ते सांगितल्याशिवाय भंगारात जायची माझी तयारी नाही.

माझा जन्म एका कारखान्यातल्या लांबलचक टेबलावर झाला. टेबलाच्या दोन्ही बाजूंना डोक्याला टोप्या घातलेल्या बायका बसत. एकीने माझ्या पोटात हिरवी पट्टी बसवली, दुसरीने तिच्यावर तारा जोडल्या, तिसरीने झाकण लावून स्क्रू पिळले. मग मला एका टीव्हीला जोडून बघितले. दिवा लागला, चित्र आले, आणि कोणीतरी म्हणाले, “हा झाला, पुढचा घ्या.” माझे कौतुक एवढेच झाले. पुढे मला थर्माकोलमध्ये दाबून खोक्यात बंद केले.

खोके उघडले ते एका तिसऱ्या मजल्यावरच्या घरात. केबलवाल्याने खांद्यावरचे वायरचे वेटोळे जमिनीवर टाकले, खिडकीच्या चौकटीला भोक पाडले आणि वायर आत ओढून माझ्या पाठीत खुपसली. भिंतीचा सगळा चुरा खाली पडला. तो गेल्यावर केरसुणी घेऊन एक उंच, सडपातळ बाई आली आणि निमूटपणे सगळे झाडून गेली. ती आत्या. मी घरातल्या मुलांसारखेच सगळ्यांना हाका मारायला शिकलो, म्हणून माझ्याही लेखी ती आत्याच.

त्या घरात सहा माणसे होती. बाबा फरशीच्या दुकानात विक्रेते होते. दिवसभर गिऱ्हाइकांशी घासाघीस करून घरीही त्यांना प्रत्येक गोष्टीत परवडते की नाही तेच दिसायचे. आई एका दातांच्या दवाखान्यात काम करायची. थोरला कॉलेजात, धाकटी शाळेत. आजीला अर्धांगवायूचा झटका आलेला. तिची डावी बाजू गेली होती आणि बोलणे घरच्यांनाच कळायचे. तिची खाट हॉलमध्येच, माझ्यासमोर. आणि आत्या म्हणजे बाबांची मोठी बहीण. तिने लग्न केले नव्हते. दोऱ्याच्या कारखान्यात तिची चांगली नोकरी होती, पण आजी आजारी पडली तेव्हा सगळे म्हणाले, “तू एकटी जीव, तुझ्यामागे काय व्याप?” नोकरी सोडायला तेवढे कारण पुरले.

सुरुवातीला माझा थाट होता. संध्याकाळी सगळे माझ्यासमोर बसत, रिमोटसाठी भांडत. बातम्यांच्या वेळी बाबा, नाचाच्या कार्यक्रमाला धाकटी, सामन्याला थोरला. रिमोटला प्लॅस्टिकची पिशवी आणि तिच्यावर रबर लावून ठेवले होते. आत्या तेव्हा स्वयंपाकघरात असायची. दारातून मान काढून चित्र बघायची, आणि कुकरची शिट्टी झाली की मान आत जायची.

पण दुपार तिची होती. जेवणे उरकली, भांडी झाली, आजीला कूस बदलून दिली, औषध पाजले की आजीला डोळा लागायचा. घरात दुसरे कोणी नसायचे. मग आत्या रिमोट घ्यायची आणि मालिकांची, गाण्यांची, बातम्यांची सगळी चॅनेल मागे टाकत एका खेळाच्या चॅनेलवर थांबायची. तिथे दुपारी जुने सामने दाखवत. बायकांच्या व्हॉलीबॉलचे.

तुम्ही तिला तेव्हा बघायला हवे होते, मित्रांनो! सकाळपासून तोंडातून शब्द न काढणारी आत्या जमिनीवर मांडी घालून बसायची आणि दबक्या आवाजात, आजी जागी होऊ नये म्हणून, त्या परक्या देशातल्या मुलींना ओरडायची. “अगं, मागे हो, मागे! तो बॉल तुझा नाही!” “हात जोड, मूर्ख मुली, खाली वाक!” एखादी उंच उडी मारून जोरात फटका हाणायची तेव्हा आत्या आपल्याच गुडघ्यावर थाप मारून म्हणायची, “अस्सा!” दोऱ्याच्या कारखान्याच्या संघात ती जाळीजवळ खेळायची. उजव्या हाताची करंगळी एकदा बॉल लागून मोडली होती, ती वाकडीच राहिली. घरात सगळ्यांना वाटायचे, की ती दारात चेमटली असेल.

एकदा आजी मध्येच जागी झाली आणि तिने ते बघितले. तिच्या वाकड्या ओठांवर हसू आले. ती काहीतरी पुटपुटली. आत्या म्हणाली, “हो ग आई, आठवतं ना तुला? तू जेवणाचा डबा घेऊन यायचीस मैदानावर.” आजीने मान हलवली आणि दोघींनी मिळून तो सामना शेवटपर्यंत बघितला.

पुढे घरात मोबाइल आले. आधी बाबांचा, मग थोरल्याचा, मग आईचा, शेवटी धाकटीचाही. संध्याकाळी चौघे चार कोपऱ्यांत, चौघांच्या कानांत वायरी. मी चालू असायचो, पण बघत कोणी नसे. माझ्यावर धूळ बसायला लागली. आत्या फडके मारायची तेवढेच.

आणि मग केबलचा दर वाढला. एका रविवारी सकाळी बाबांनी सगळ्यांना हॉलमध्ये बसवले. दुकानात गिऱ्हाइकासमोर बोलावे तसे ते म्हणाले, “हे बघा, केबलचे पैसे दर महिन्याला जातात. इंटरनेटचे वेगळे. दोन्ही कशाला? केबलवर खरंच कोण काय बघतं, सांगा बरं.”

थोरला म्हणाला, “मी सगळं मोबाइलवर बघतो. काढून टाका.”

धाकटी म्हणाली, “टीव्ही कोण बघतं आता?”

आई म्हणाली, “मला वेळच कुठे आहे? घरी येते ती मेल्यासारखी पडते.”

बाबांनी खाटेकडे बघून मोठ्याने विचारले, “आई, टीव्ही हवा का तुला?” आजी काहीतरी बोलली. “काय म्हणते ती?” बाबांनी विचारले.

खिडकीपाशी आत्या तांदूळ निवडत बसली होती. ती म्हणाली, “आवाज बरा वाटतो, म्हणते.”

“मग रेडिओ लावून देऊ,” बाबा म्हणाले.

आत्याने ताट खाली ठेवले. तिच्या तोंडून “मी दुपारी...” एवढे आले. मी ऐकले. आजीनेही ऐकले असणार, कारण तिने त्या दिशेला मान वळवली.

“ताई, चहा टाक ना जरा,” बाबा म्हणाले. “ठरलं मग. या महिन्यापासून बंद.”

आत्या उठली आणि चहा टाकायला गेली. थोरल्याला मात्र तिची आठवण झाली. तो म्हणाला, “आत्याच्या मालिका?” बाबा म्हणाले, “तुझा जुना मोबाइल दे तिला. त्याच्यावर हव्या तेवढ्या मालिका बघू दे.” सगळ्यांना ते पटले. इतकी वर्षे एका घरात राहून ती कोणती मालिका बघते हे कोणी सांगू शकले नसते. ती एकही बघत नव्हती.

माझा दिवा विझला. पण मी तिथेच होतो, टीव्हीच्या डोक्यावर, आणि माझे बघणे काही बंद झाले नाही. पहिल्या महिन्याच्या वाचलेल्या पैशांत चौघे बाहेर जेवून आले. आजीला एकटे टाकता येत नाही म्हणून आत्या घरी राहिली. येताना त्यांनी तिच्यासाठी उरलेले बांधून आणले.

दुपारी आत्या थोरल्याचा जुना मोबाइल घेऊन बसायची. काचेला तडा गेलेला. ती चष्मा काढायची, पुसायची, पुन्हा घालायची, मोबाइल नाकाशी न्यायची. एवढ्याशा पडद्यावर मुली मुंग्यांएवढ्या दिसायच्या आणि बॉल तर दिसायचाच नाही. चार-पाच दिवसांनी तिने तो मोबाइल उशीखाली ठेवला तो कायमचा. नंतर ती नुसतीच बसायची, आजीच्या खाटेला पाठ टेकून, काळ्या पडद्यासमोर.

मग एके संध्याकाळी तिने विचारले. आयुष्यात पहिल्यांदाच तिने त्या घरात स्वतःसाठी काही मागितले असेल.

“केबल परत घेऊ या का? माझ्या कारखान्याच्या पैशातून भर. बँकेत आहेत ना ते.”

बाबांनी मोबाइलवरून नजर न काढता म्हटले, “ताई, प्रश्न पैशांचा नाही. गरजेचा आहे.”

“कोणाच्या?”

बाबांनी आता मान वर केली. “म्हणजे काय बघायचंय तुला एवढं?”

“व्हॉलीबॉल.”

थोरला फिस्सकन हसला. धाकटीही हसली. तिला वाईट नव्हते म्हणायचे, पण हसली. आई म्हणाली, “ताई, काहीतरीच काय!” आणि बाबा, ज्यांना ती लहानपणी कडेवर घेऊन मैदानावर न्यायची, ते म्हणाले, “व्हॉलीबॉल? या वयात? अगं, गुडघे बघ आधी.”

आत्याही थोडी हसली. माझ्या अंगात तेव्हा वीज नव्हती म्हणून बरे. असती तर मी त्या क्षणी जळून गेलो असतो.

काही दिवसांनी तिची एक जुनी मैत्रीण आजीला भेटायला आली. तिला सगळे ‘कॅप्टन’ म्हणत, कारण कारखान्याच्या संघाची ती कप्तान होती. आता ती खेळणाऱ्या मुलींचे एक वसतिगृह सांभाळत होती. ती मागेही आली होती आणि मागेही तिने विचारले होते. आताही तिने विचारले, “येतेस का? मुलींवर लक्ष ठेवणारं कोणीतरी हवंय. खोली देऊ, पगार देऊ.”

मागच्या वेळी आत्या म्हणाली होती, “आईला सोडून कशी येऊ?” या वेळी ती आजीजवळ गेली, तिचा चांगला हात हातात घेतला आणि कानाशी विचारले, “जाऊ?”

आजीला बोलायला फार वेळ लागला. पण शब्द एवढा स्पष्ट आला, की मलाही कळला. “जा.”

संध्याकाळी घरात मोठा तमाशा झाला. बाबा म्हणाले, “आईला टाकून चाललीस? लाज नाही वाटत?” आत्या पिशवीत साड्या भरत होती. ती म्हणाली, “ती तुझीही आई आहे.” यावर बाबा जास्तच ओरडले. आई रडायला लागली. आत्या गेल्यावर सकाळी सहाला कोण उठणार, हे तिला इतर सगळ्यांच्या आधी कळले होते.

मित्रांनो, त्यानंतरचे घर मी बघितले आहे. आजीला पाठीला जखमा झाल्या, कारण कूस कोणी वेळेवर बदलत नव्हते. आईच्या रजा संपल्या. बाई ठेवली, ती दोन आठवड्यांत गेली. दुसरी ठेवली, ती मोबाइल बघत बसायची. जेवण बाहेरून यायला लागले. बाबांनी कधी हिशेब बोलून दाखवला नाही, पण वर्षभराच्या केबलला लागले नसते तेवढे पैसे एका महिन्यात जात होते.

शेवटी केबलवाला पुन्हा आला. माझा दिवा लागला. बाबांनी आत्याला फोन लावला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असा ठेवला. “ताई, केबल घेतलंय परत. खेळाची सगळी चॅनेल घेतलीत. तुझ्यासाठी.”

पलीकडून शिट्टीचा आणि मुलींच्या ओरडण्याचा आवाज येत होता. आत्या म्हणाली, “बरं केलंस. आईला आवाज बरा वाटतो. तिच्यासाठी चालू ठेव.”

“तू कधी येतेस?”

“रविवारी येते. आईला भेटायला.”

रविवारी ती आली. बाबांनी आधीच तिचे चॅनेल लावून ठेवले होते आणि आवाजही वाढवला होता. आत्या आली ती सरळ खाटेपाशी गेली. माझ्याकडे पाठ करून बसली. तिने आजीच्या जखमा पुसल्या, मलम लावले, केस विंचरले. पडद्यावर सामना अगदी रंगात आला होता. तिने एकदाही वळून बघितले नाही. बाबा दोनदा म्हणाले, “बघ ना ताई, चांगला चाललाय.” ती म्हणाली, “हो का?” आणि शेवटची बस गाठायची म्हणून निघाली.

असे काही रविवार झाले. मग आजी गेली, आणि रविवारही गेले.

आता घरी पाहुणे आले की बाबा एक गोष्ट सांगतात. “आमची ताई, माहीत आहे ना? केबलवरून घर सोडून गेली. एका टीव्हीपायी! सांगा आता.” पाहुणे चुकचुकतात. आई तेव्हा स्वयंपाकघरात जाते. मी सगळे ऐकत असे, आणि मला बोलता येत नव्हते.

परवा बाबांनी केबल दुसऱ्यांदा बंद केले. या वेळी कोणाला विचारायचेही राहिले नव्हते. त्यांनीच मला उपटून वायरींसकट एका पोत्यात टाकले.

मित्रांनो, मला जपा, माझ्यावरची धूळ पुसा, असे मी म्हणणार नाही. माझ्यासारखे डबे पुष्कळ निघतील. तुमच्याही घरी कधीतरी सगळे गोल करून बसतील आणि काय ठेवायचे, काय काढायचे ते ठरवतील. जरूर ठरवा. उधळपट्टी करा असे मी सांगत नाही. पण ठरवण्याआधी खोलीत नीट नजर फिरवा. ज्या माणसाला कधी काही लागत नाही असे तुम्ही समजता, त्याला बोलवा, शेजारी बसवा, आणि त्याचे वाक्य पुरे होईपर्यंत गप्प राहा.

भंगारवाल्याने पोते तराजूवर ठेवले आहे. बाबा खाली वाकून काटा बघताहेत आणि म्हणताहेत, “नीट मोजा हं. वस्तू चांगली आहे, आमच्याकडे फारशी वापरलीच नाही कोणी.”