पडद्यामागचा आवाज

लांज्याला महामार्गाच्या कडेला सागरचं दुचाकी दुरुस्तीचं गॅरेज आहे. त्या रविवारी दुपारी शटर अर्धं खाली होतं. आत फुजैल बेस गिटार जुळवत होता, विनीत ड्रमसमोर बसला होता आणि उघड्या इंजिनाशेजारी उभी राहून शमिका गळा मोकळा करत होती. बाहेरून एक स्कूटरवाला ओरडला, "ओ, माझा हॉर्न वाजत नाय!"

"इथं सगळं वाजतंय, तुमचाच तेवढा राहिलाय. उद्या या," विनीत म्हणाला.

'कातळ' हा बँड याच गॅरेजात उभा राहिला. शमिका ही सागरची वहिनी. तिचा नवरा नितेश दोन वर्षांपूर्वी अपघातात गेला. सासू काशी स्वतः कित्येक वर्षांची विधवा. तिनंच सुनेला गाण्यासाठी घराबाहेर पडायला लावलं. काशीनं शिकवलेली भातलावणीची गाणी शमिका गाई आणि गिटारवरचा सागर, फुजैल, विनीत असे तिघं त्यावर रॉक वाजवत. गाणं किती लांबणार हे आधी ठरलेलं नसे. शमिकानं शब्द उचलेपर्यंत तेच आवर्तन फिरत राही. गणपतीच्या मंडपात सुरुवात झाली, मग देवरुखच्या कॉलेजात, आणि यंदा रत्नागिरीच्या किनाऱ्यावरच्या महोत्सवात. तिथल्या गर्दीनं त्यांना मंचावरून उतरूच दिलं नाही. तो व्हिडिओ गावात घरोघरी पोचला.

म्हणून गावकीचे प्रमुख महिपत स्वतः गॅरेजात आले.

"सागर, मे महिन्यातल्या पूजेला यंदा आपलाच ब्यांड. मुंबयवाल्यांना पण कळू दे." मग ते आवाज उतरवून म्हणाले, "फक्त एक. स्टेज देवळासमोर हाय. सवाष्णी ओवाळणार. सूनबाई तिथं... तुला कळतंय. आवाज तिचाच पायजे हां! मागं पडदा लावू. तिथनं गाऊ दे."

गावकीला नाही म्हटलं की घर वाळीत पडतं. लग्नाला, मयताला कुणी येत नाही, शिमग्यात पालखी दार टाळून पुढे जाते. सागर घाबरला आणि हो म्हणून बसला. जिनं गायचं, तिला विचारावं हे त्याला सुचलंच नाही.

जेवताना त्यानं ते सांगितलं.

"पडदा? मी काय बाळंतीण हाय?" शमिका म्हणाली.

"वहिनी, गावाचा मान ठेवायला लागतो."

"आणि माझा?"

काशी भात वाढत होती. ती म्हणाली, "नवरा गेल्यापासून पालखी मी मागच्या दारातनं बघते. मला तर कुणी पडदापण नाय लावला."

सागर खाली बघून जेवत राहिला. शमिका एवढंच म्हणाली, "पूजेला येते मी."

पूजेच्या दिवशी उन्हं उतरल्यावर कार्यक्रम सुरू झाला. सवाष्णी मंडपात पुढे बसल्या होत्या. विधवा बाया मंडपाबाहेर, फणसाखाली. त्यांना तिथे कुणी बसवलं नव्हतं; सवयीनं त्या आपणहून तिथे जात. शमिका फुलाफुलांच्या पडद्यामागे हातात माइक घेऊन उभी होती.

सागरनं सुरुवात केली. फुजैल, विनीत मागोमाग आले. आवर्तन फिरलं, पुन्हा फिरलं. शब्द आला नाही. लोकांनी आधी ताल धरला, मग एकमेकांकडे बघायला लागले. महिपत तरातरा पडद्यामागे गेले.

"गा की गो!"

"पडदा काढा, गाते."

"हट्ट करू नको. कुंकू पुसलेली बाई देवासमोर नको. आवाजाचं काय नाय, आवाज चालतो."

माइक चालू होता. प्रत्येक शब्द कर्ण्यातून गावभर गेला.

सागरचा हात थांबला. जे त्यानं गॅरेजात मान डोलावून मान्य केलं होतं, तेच आता आईच्या कानावर पडत होतं. त्यानं गिटार खाली ठेवली, मागे वळला आणि दोन्ही हातांनी पडदा ओढून काढला.

"वहिनी, पुढं ये."

"बेस चालूच हाय," फुजैल म्हणाला. "सावकाश या."

शमिका मधोमध येऊन उभी राहिली. महिपतांनी साउंडवाल्याला खूण केली. माइक मेला, बेस मुका झाला. विनीतनं काठ्या टाकल्या आणि बोटांनी हलका ठेका धरला. त्यावर शमिकानं नुसत्या गळ्यानं गाणं उचललं.

आवाज मंडपाबाहेर पोचेना. फणसाखाली काशी उठली. "हितं ऐकू येत नाय," ती शेजारणीला म्हणाली आणि पुढे चालू लागली. शेजारीण उठली, तिच्यामागे आणखी दोघी. सवाष्णींपैकी एकीनं सरकून जागा दिली. दुसरीनं तोंड फिरवलं. काशी दोघींच्या मध्ये देवासमोर बसली आणि सुनेच्या मागून गाऊ लागली.

दुसऱ्या दिवशी गावकीचा माणूस अंगणात आला. सागरनं बैठकीत येऊन नारळ ठेवून माफी मागावी, असा निरोप होता. त्या बैठकीत आजवर एकही बाई बसलेली नाही.

सागर शर्ट घालायला उठला. काशीनं त्याला हातानं खाली बसवलं आणि गावकीच्या माणसाला म्हणाली,

"हा कशाला येतोय? गायली ती, बसले मी. जाऊन सांग, आमी दोघी येतो. जागा पुढची ठेवा."