शय्यादानात गेलेली मशीन

माझी बायको अंबिका गेल्यावर तेराव्याला आम्ही तिच्या नावानं शय्यादान केलं. गादी, उशी, चादर, छत्री, तांब्या. सगळं बंडोपंत गुरुजींच्या घरी ऑटोतून पोचवलं. त्यात माझी श्वासाची मशीनही गेली.

झोपेत माझा श्वास अडकतो. तोंडावर मास्क लावून हवा देणारी ती मशीन कलबुर्गीच्या डॉक्टरांनी दिली होती. मास्क धुणं, पाणी भरणं अंबिकाच करायची. म्हणून माझ्या मोठ्या बहिणीला, चंद्रभागाअक्काला, ती अंबिकाचीच वाटली. तिनं ती गादीवर ठेवली. मला त्या दिवशी कशाचंच भान नव्हतं.

पुढं सकाळी डोकं जड राहू लागलं. डॉक्टरांनी रक्त, लघवी तपासली. म्हणाले, "श्वास अडला की शरीर घाबरतं. घाबरल्यावर सुटणारं हार्मोन वाढतं, बीपी वाढतं. मशीन लावत होता तेव्हा दोन्ही खाली आलं होतं. आता पुन्हा पहिल्यासारखं झालंय. असंच राहिलं तर हृदयाला धोका आहे."

दुसरी मशीन घेण्याची ऐपत नव्हती. गुरुजींकडं गेलो. अक्काही मागं आली.

"न्या की व्यंकटराव," गुरुजी म्हणाले. "मला काय कळतंय त्यातलं? आमच्या घरच्यांनी चुलीला वारा घालून बघितला. धूर सगळा घरात!"

मी मशीन उचलली.

"ठेव ती," अक्का म्हणाली. "मेलेलीच्या नावानं दिलेलं परत न्यायलास? तिकडं ती उघड्यावर पडंल की. जित्यापणी घोरून तिला कमी छळलास व्हय?"

"अक्का, शास्त्रात मशीन लिवलेली न्हाई," गुरुजी म्हणाले.

"मग घेताना कामून घेतलाव?"



तिकडं काही असतं यावर माझा विश्वास नाही. पण असलंच तर? तिच्या वाट्याचं कमी करायला माझा हात धजेना. मी मशीन ओट्यावर ठेवली.

घरी येताना अक्का म्हणाली, "भिऊ नको. श्वास अडकला की मी हलवीन तुला. मी हाय न्हाई का?"

दुपारी जेवण झालं. अक्का भिंतीला टेकली आणि बघता बघता तिला गाढ झोप लागली. मी एकदा हाक मारून पाहिली, ती हलली नाही. माझेही डोळे मिटायला लागले होते. उठून तोंडावर पाणी मारलं आणि दारात जाऊन उभा राहिलो.