गावाकडे तोंड केलेला बुरूज

मी एक जुना बुरूज आहे. इतर गडांचे बुरूज शत्रूच्या वाटेकडे पाहतात, माझे तोंड मात्र गावाकडे आहे. याची मला लाज वाटते, आणि माझ्या बांधकामाचा अभिमानही वाटतो. हे दोन्ही एकदम कसे, ते ऐका, मित्रांनो.

कामशेतपासून दोन कोसांवर आमची खांडपेठ आहे. अडीचशे वर्षांपूर्वी एका सरदाराने ती लढून घेतली. पेठ हाती आली, पण माणसे काही हाती येईनात. मग त्याने शेजारच्या टेकडीवर गड उभा केला, पेठेचा एकुलता एक बारमाही झरा तटाच्या आत घेतला आणि त्याच्या टाक्यावर पहारा बसवला. मला बांधले पेठेतल्याच पाथरवटांनी, तेही वेठीला धरून आणलेल्या. पण त्यांनी कामात कसूर केली नाही. बैलाच्या घाण्यात दळून मळलेला चुना, त्यात गूळ आणि बेलफळाचा गर, आणि सांध्यात सुई शिरणार नाही असे दगड बसवलेले. माझ्या पायथ्याची दगडांची रांग हीच टाक्याची बाहेरची भिंत. ती इतक्या वर्षांत कधी एक थेंब गळली नव्हती.

माझ्या माथ्यावरची तोफ एकदाच उडाली. गोळा एका घराच्या दारावर पडला. माणसे वाचली, पण पेठेने माझ्याकडे कायमची पाठ केली. साऱ्या घरांची दारे पलीकडे गेली, मागच्या भिंतीत खिडकीसुद्धा उरली नाही. पुढे सरदार गेले, तोफ गेली, बायका बिनधास्त टाक्यावर पाण्याला येऊ लागल्या. पाठ फिरवण्याचे कारण सगळे विसरले, रीत तेवढी राहिली.

गेल्या वर्षी, १९२० साली, राजमहंमद गवंडी आणि त्याची बायको खतीजा यांनी पेठेच्या कडेला घर बांधायला काढले. दार माझ्याकडे धरलेले पाहून म्हातारे दत्तोबा काठी टेकत आले. गोळा पडला होता, तो यांच्याच पूर्वजांच्या घरावर.

“गडाकडं दार केलेलं घर टिकत न्हाई, पोरी.”

“का न्हाई टिकत, आबा?”

दत्तोबांना कारण ठाऊक नव्हते. “आमच्यात कुनी केलं न्हाई, एवढं खरं.”

“मग आमी करून बघतो,” खतीजा म्हणाली. “पान्याची वाट हिकडूनच जवळ हाय.”

दार बसले. मी दगडाचा असलो तरी त्या दिवशी मला फार बरे वाटले. संध्याकाळी राजमहंमद उंबऱ्यावर बसून माझ्याकडे बोट दाखवायचा. “त्यो सांधा बघ. असं काम एकदा जमलं म्हंजी मिळवली.”

यंदा चैत्रातच पेठेच्या विहिरी आटल्या. सगळी भिस्त टाक्यावर आली. त्याच दिवसांत खाली सडकेचे काम निघाले. गडाचे पडके दगड उचलायची परवानगी घेऊन मुकादम नथू माणसांसह आला. पडके दगड संपल्यावर एका दुपारी त्यांनी माझ्या पायथ्याला पहार घातली. टाके आतल्या बाजूला, ते त्यांना दिसत नव्हते. मी ओरडणार कसा? आणि पाहणार तरी कोण?

खतीजा दारात तांदूळ निवडत होती. रखरखीत उन्हात माझ्या पायाशी ओल पसरताना तिने पाहिली आणि सूप टाकून धावली.

“थांबा, भाऊ. त्यामागं टाकं हाय.”

“पडके दगड न्यायचा हुकूम हाय, बाई,” नथू म्हणाला.

“पडलेलं न्या की. ह्ये उभं हाय.”

नथूने खाली पाहिले. त्याचे पाय ओले झाले होते. त्याने पहार टाकून दिली आणि निसटत्या दगडाला स्वतःचा खांदा लावला. खतीजाने रिकामी घागर बडवत पेठ उठवली. राजमहंमद चुना घेऊन आला, बाकीच्यांनी कपारी भरायला दगडाच्या चिपा पोचवल्या, आणि तासाभरात गळती थांबली. टाक्याच्या दोन पायऱ्या उघड्या पडल्या होत्या, पण उरलेले पाणी पेठेला पाऊस येईपर्यंत पुरले. खतीजासारखी धीराची बाई मी दुसरी पाहिली नाही.

आठ दिवसांनी दत्तोबा राजमहंमदच्या उंबऱ्याशी आले. “माझ्या मागच्या भिताडाला खिडकी पाडून दे,” म्हणाले. “बसल्या जागी टाक्यावर ध्यान ऱ्हाईल.”

आता रोज सकाळी ती खिडकी उघडते, आणि म्हातारा तिथून विचारतो, “काय रं बुरजा, पानी हाय न्हवं?” ज्या घरावर मी आग टाकली, ते घर माझी चौकशी करते, मित्रांनो. मला बोलता येत नाही. माझे टाके भरलेले राहिले, तर तेच माझे उत्तर. तेव्हा तुम्ही गडावर आलात आणि माझा एखादा दगड सैल दिसला, तर तो उपटू नका. त्याच्यामागे कुणाचे तरी पाणी आहे.