भाऊजींचं मॉड्यूल

आमच्या कारखान्यात मोजे विणायचं एकच मोठं यंत्र. ते बंद पडलं की माझ्या धाकट्या दिराचा चेहरा खुलायचा. त्या दिवशी यंत्राच्या संगणकात नवं कर्नल आलं, म्हणजे त्याचा गाभाच बदलला, आणि सुया जागच्या जागी थिजल्या.

"हात लावू नकोस म्हटलं होतं ना?" भाऊजी आल्या आल्या माझ्या सुनेवर घसरले.

"अपडेट करावंच लागतं, काका."

"मग बस आता हात चोळत."

यंत्र चालवणारं मॉड्यूल भाऊजींनीच लिहिलेलं. ते कर्नलच्या बाहेरचं, त्यामुळे गाभा बदलला की त्याच्या मापाने पुन्हा बांधावं लागे. पाय बदलल्यावर जुना मोजा कसा चढणार? भाऊजी बांधून देत, पण संगणकाचा पडदा भिंतीकडे फिरवून, आणि दर वेळी काहीतरी पदरात पाडून घेऊन. हे गेल्यावर आधी यांचं टेबल नेलं, मग मागचं कोठार घेतलं.

"वहिनी, या वेळी समोरची खोली," ते म्हणाले. "रिकामी करा, मग बसतो."

समोरच्या खोलीत आमची विक्री चाले. ती गेली तर विणलेले मोजे काय डोक्यावर बांधायचे?

मला जुने दिवस आठवले. विशीतले भाऊजी लोकरीच्या पोत्यांवर पालथे पडून कोड लिहायचे. मी ताट तिथेच नेऊन द्यायची. हे सुयांपाशी उभे राहून सांगायचे, "डावीकडची अडकली रे." पहिला मोजा निघाला त्याला दोन टाचा होत्या. आम्ही तिघं पोट धरून हसलो होतो. पुढे कितीदा नवं कर्नल आलं, पण हे असेपर्यंत यंत्र त्यापायी थांबल्याचं मला एकदाही आठवेना.

तेच मी बोलून दाखवलं.

"तेव्हा मॉड्यूल आपोआप बांधलं जायचं," भाऊजींच्या तोंडून निघून गेलं.

"मग आता का नाही?"

ते चष्मा पुसत राहिले. "तुम्हाला त्यातलं काय कळतंय?"

"त्यातलं नाही कळत. तुमच्यातलं कळतं."

"नाक घासत याल," म्हणाले आणि चपला सरकवून गेले.

सुनेने पडदा आमच्याकडे फिरवला. मूळ कोड त्याच संगणकात होता, त्याशिवाय भाऊजी तरी काय बांधणार होते? तिने नव्या कर्नलच्या हेडर फाइली, म्हणजे त्याची मापं, उतरवून घेतली. पहिल्यांदा बांधताना चूक आली. कर्नलमधलं एक फंक्शन आता वेगळ्या नावाने होतं. तिने ती ओळ बदलली, मॉड्यूल चढवलं. सुया खडखडल्या.

"थांबव," मी म्हटलं. "आधी ते आपोआपचं परत सुरू कर."

"केलं, आई. त्यांनी नुसतं काढून ठेवलं होतं."

नुसतं. यांच्या दिवसांना आलेल्या माणसांची मी चहापाण्याची व्यवस्था पाहत होते, तेव्हा हा माणूस यंत्रापाशी एकटा बसला होता. मला वाटलं होतं, भावासाठी रडतोय.

पुढचं कर्नल आलं तेव्हा भाऊजी न बोलावताच आले, खोलीचं माप घ्यायला टेप घेऊन. यंत्र धडधडत होतं. ते दारातूनच काहीतरी म्हणाले. मला सगळं ऐकू आलं. मी कानाला हात लावून ऐकू येत नाही अशी खूण केली आणि मोज्यांच्या जोड्या लावत बसले. ते कंटाळून निघून गेले. टेप तिथेच राहिली. ती मी परत पाठवलेली नाही.