शॉमबर्गचं चालतं नक्षत्र

शॉमबर्ग गावातल्या चंद्रशेखरकाकांच्या बेसमेंटमध्ये पाय ठेवायला जागा नव्हती. सगळ्यांचे डोळे एका ताटलीवर. ताटलीत तीर्थ, तीर्थात शर्टाच्या बटणाएवढा पाच टोकांचा दगड. नक्षत्रमहाराजांनी मंत्र पुटपुटला, दगड थरथरला आणि चक्क चालू लागला.

"आकाशातून गळलेलं नक्षत्र," महाराज म्हणाले. "भक्ताकडे आलं तर होकार, माझ्याकडे आलं तर नकार. नासालाही याचा पत्ता नाही."

पद्मिनीमावशीचा प्रश्न होता, सोमवारी ऑपरेशन करू का? छातीतली गाठ कॅन्सरची निघाली होती. दगड महाराजांकडे गेला.

"सुटले बाई," मावशी म्हणाली. "कॅन्सल करते."

शेजारी बसलेल्या तिच्या भाचीच्या, सावनीच्या, तळपायाची आग मस्तकात गेली. ती भूशास्त्राची विद्यार्थिनी. असले तारे तिनं गेल्या उन्हाळ्यात युटा राज्यातल्या चुनखडीतून मूठमूठ वेचले होते.

"महाराज, तीर्थ द्या ना," तिनं तळहात पुढे केला.

"हे प्यायचं नसतं."

तीर्थ घेतल्याशिवाय देवळातून न हलणारी ही मंडळी, पण एकालाही शंका आली नाही. धुपाच्या धुरात वास तरी कुणाला येणार? सावनीनं बोट बुडवून चाटलं.

"व्हिनेगर आहे, मावशी."

"भस्म होशील, पोरी," महाराज गरजले.

"होऊ दे. तुमचा अंगठा ताटलीखालून काढा आधी."

ताटलीची मावशीकडची कड उचलून धरणारा अंगठा निघाला. सावनीनं उलट महाराजांच्या बाजूला ताटलीखाली घडी केलेला नॅपकिन सरकवला. दगड बुडबुडे सोडत डुलला आणि निमूट मावशीकडे घसरला. मग तिनं ताटलीत नळाचं पाणी भरलं. महाराजांनी तीनदा मंत्र म्हटला, दगड ढिम्म.

"हा समुद्रातल्या प्राण्याच्या देठाचा तुकडा आहे," ती म्हणाली. "सोळा-सतरा कोटी वर्षांपूर्वी युटात समुद्र होता, तिथला. चुनखडीला व्हिनेगर लागलं की गॅस सुटतो, बुडबुडे दगडाला उचलतात आणि तो उताराकडे जातो. उतार कुणाचा, ते तुम्ही पाहिलंत."

"बट यार, मनाला बरं वाटत होतं," मागे बसलेल्या भक्तांतला रवी पुटपुटला.

"बरं वाटणं आणि बरं होणं, या दोन्हींतल्या फरकात मावशीचा जीव आहे, रवी."

चमत्कार दिसला तर हात जोडण्याआधी ताटली उचलून पाहा. खरा असेल तर तो तेवढ्यानं विटाळणार नाही.

मावशीनं दगड पदराला पुसून महाराजांच्या हातावर ठेवला. "याला विचारलं तेच डॉक्टरांनाही विचारलं होतं मी," ती म्हणाली. "त्यांनी रिपोर्ट समोर ठेवून सांगितलं होतं. सावनी, सोमवारी मला हॉस्पिटलला तू ने."