कुंडीतलं कीटण

मित्रांनो, मी एक जुनी मातीची कुंडी आहे. माझ्या बुडाला भोक आहे, काठाचा टवका उडालेला आहे आणि गेली तीन वर्षं मी पाण्याखाली आडवी पडून आहे. बाकी तब्येत उत्तम आहे.

कुंभाराने मला चाकावर घडवलं, भट्टीत भाजलं, तेव्हा माझी स्वप्नं मोठी होती. निदान गुलाब तरी मिळेल असं वाटलं होतं. मिळाला पुदिना, तोही चार महिन्यांत वाळला. मग कुणाचा तरी पाय लागून मी पडले, टवका उडाला आणि माझी रवानगी जिन्याखाली झाली. तिथे माझ्यात एक जुना बूट राहत होता. स्वभावाने बरा होता.

तिथून मला बाबांनी उचललं. बाबा म्हणजे दातांच्या डॉक्टरीणबाईंचे वडील. निवृत्त झाल्यापासून दवाखान्यातली माशांची पेटी तेच सांभाळतात. त्यांनी मला घासलं, उकळलं आणि पेटीच्या कोपऱ्यात आडवं ठेवलं. माशांना घर झालं.

पेटीत तीन सिक्लिड मासे होते. ही जात तशी भांडखोर, पण आमचे तिघे त्यातल्या शांत कुळातले. भाऊसाहेब, त्यांची मंडळी आणि लाजऱ्या. भाऊसाहेब तर इतके सज्जन, की खाण्याचा दाणा नाकावर पडला तरी तो दुसऱ्या कुणाचा नाही ना, हे आधी बघायचे. गाल सुजलेली माणसं बाकावर बसून म्हणायची, "किती शांत आहेत हो!" माझ्याबद्दल कुणी बोलत नसे. एकदा एक आजीबाई म्हणाल्या, "ती कुंडी पडलीये, उभी करा." तेवढंच.

आणि एका सोमवारी भाऊसाहेबांनी लाजऱ्याची शेपटी फाडली. लाजऱ्या गाळणीच्या नळीमागे लपला, तर तिथे जाऊन पुन्हा चावले. बाकावरचे एक गृहस्थ ते बघून उठले आणि किडलेला दात तसाच घेऊन घरी गेले.

"भाऊसाहेब, शोभतं का हे तुम्हाला?" बाबा काचेला नाक लावून समजावायचे. भूक लागली असेल म्हणून त्यांनी दाणे वाढवले. भाऊसाहेबांनी ते खाल्ले आणि ताज्या दमाने मारामारी सुरू केली.

"बाबा, पुरे झालं," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "लाजऱ्या जाईल जिवानिशी. शनिवारी याला दुकानात परत देऊन या."

"अगं, त्याचा संसार आहे इथे."

"मग संसारी माणसासारखं वागायला सांगा त्याला!"

शेवटचा उपाय म्हणून बाबांनी पेटी साफ करायला काढली. मला बाहेर काढून आत डोकावले, तर माझ्या छताला बारीक पिवळसर ठिपक्यांचा थर. डॉक्टरीणबाईंनी नुसतं बघितलं आणि सांगून टाकलं, "कीटण आहे हे. दातांवर साचतं ना, तसंच. घाणीनेच चिडला असणार तो."

त्यांनी दात साफ करायचं हत्यार आणलं आणि दोन मिनिटांत मला लखलखीत केलं. मित्रांनो, त्यांचा हात फार हलका आहे. मला जरासुद्धा दुखलं नाही. पण मी ओरडायला हवं होतं. तोंड माझं एवढं मोठं, आणि उपयोग काडीचा नाही.

मला परत ठेवल्यावर भाऊसाहेबांची मंडळी आत आली. छताखाली थांबली. बाहेर गेली. पुन्हा आत आली. संध्याकाळपर्यंत ती हेच करत होती. भाऊसाहेब कुणालाच चावले नाहीत.

"बघा, गुण आला," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. दुकानाची फेरी रद्द झाली. सगळे खूश होते.

तीन आठवड्यांनी भाऊसाहेब पुन्हा चावले. डॉक्टरीणबाई हत्यार घेऊनच आल्या. या वेळी मात्र बाबांना पाणी उपसायचा कंटाळा आला होता.

"साचलंय का ते आधी बघ तरी," ते म्हणाले.

डॉक्टरीणबाईंनी लांब दांड्याचा, तोंडात घालायचा छोटा आरसा पाण्यात बुडवला आणि माझ्या आत धरला. बराच वेळ बघत राहिल्या.

"बाबा."

"काय गं?"

"कीटणाला डोळे आहेत."

बाबा चष्मा सावरत वाकले. प्रत्येक ठिपक्याला दोन काळे बिंदू होते. एकाने शेपटीही हलवली.

"अगं, अंडी आहेत ही," बाबा हळूच म्हणाले. "पोरं राखत होता बिचारा."

"मग मागच्या वेळी मी..." डॉक्टरीणबाईंनी हत्यार खिशात ठेवलं. बाहेर तीन पेशंट थांबले होते. ते आणखी थांबले.

त्याच दिवशी बाबांनी पेटीच्या मधोमध जाळी बसवली. लाजऱ्याला पलीकडची बाजू मिळाली आणि लपायला कान तुटलेला एक चहाचा मग. त्याची शेपटी आता भरत आली आहे.

मित्रांनो, माझी एकच विनंती आहे. शांत स्वभावाचं कुणी अचानक चावायला लागलं, तर त्याला लगेच दुकानात परत देऊ नका आणि त्याचं घर खरवडू नका. तो काय राखतोय, ते आधी आत डोकावून बघा.

काल पिल्लं पोहत बाहेर आली. चाळीसेक तरी असतील. बाबांनी कौतुकाने पाण्यात बोट घातलं आणि भाऊसाहेबांनी ते कडकडून चावलं. डॉक्टरीणबाईंनी बोटाला पट्टी बांधली. भाऊसाहेबांना कुणी एक शब्दही बोललं नाही.